'कऱ्हेचे पाणी' आणि वणीचे वाचक

आचार्य अत्रे यांच्या 'कऱ्हेचे पाणी' या आत्मचरित्रावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. लिहिणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, साहित्याच्या दरबारात ज्यांना बसायला जागा आहे असे. वाचणारे मात्र साऱ्या महाराष्ट्रात पसरलेले होते आणि त्यांच्या मतांची नोंद सहसा कुणी घेतली नाही. आम्ही वणीचे. नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातले हे गाव बाहेरच्यांना सप्तशृंगी गडामुळे माहीत असते आणि शेतकऱ्यांना टोमॅटो-कांद्याच्या उपबाजारामुळे. इथे मराठी पुस्तके वाचणारे मुसलमान आहेत, असे सांगितले की पाहुणे जरा चमकतात. खरे सांगायचे तर आपल्या बिरादरीतलेही चमकतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दहा-अकरा जणांनी मिळून हे आत्मचरित्र वाचले. त्याचे एकूण आठ खंड आहेत. पाच अत्र्यांनी स्वतः लिहिले. १३ जून १९६९ रोजी ते वारले आणि पुढचे तीन खंड त्यांच्या कन्या शिरीष पै यांनी त्यांच्याच लेखनातून जुळवले. आम्ही पहिल्या पाचांपुरते ठरवले, कारण माणूस स्वतःविषयी स्वतः काय सांगतो हे आम्हाला बघायचे होते. तीन खंड गावच्या वाचनालयात निघाले, त्यांतल्या एकाची शिवण सुटलेली होती. दोन नाशिकहून जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणले. इशाच्या नमाजनंतर एका टेलर चाचांच्या दुकानात मशीन भिंतीला सारून आम्ही बसत असू. बायका दुपारी एका घरी जमत आणि आपली मते बी.एड. करणाऱ्या एका मुलीबरोबर आमच्याकडे पाठवत. तिची मते आणि त्यांची मते यांत फरक कुठे पडतो हे कळेनासे झाले, तेव्हा शेवटच्या काही बैठका एकत्रच झाल्या.

अत्र्यांना आम्ही राजकारणी म्हणून वाचले, हे इथे सांगितले पाहिजे. 'झेंडूची फुले', 'साष्टांग नमस्कार', 'श्यामची आई' हे अत्रे शाळेत भेटतात. राजकारणातले अत्रे शाळेत भेटत नाहीत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते पुणे नगरपालिकेत काँग्रेसतर्फे गेले आणि तिथल्या रे मार्केटला महात्मा फुल्यांचे नाव मिळवून दिले. पुढे काँग्रेसशी फाटले. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी दैनिक 'मराठा' काढले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात स्वतःला झोकून दिले. १९५७ च्या समितीच्या लाटेत विधानसभेत गेले. नव्या राज्याचे नाव 'महाराष्ट्र'च हवे म्हणून भांडले. १९६७ मध्ये मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. या साऱ्या काळात कुठल्याही पक्षाच्या शिस्तीत ते फार दिवस मावले नाहीत. कम्युनिस्टांच्या मांडीला मांडी लावून बसले, पण कम्युनिस्ट झाले नाहीत.

आमच्याकडे 'अपक्ष' या शब्दाला बरा वास नाही. अपक्ष म्हणजे मते फोडायला उभा केलेला, नाहीतर निकालानंतर ज्याची बोली लागते तो. मोहल्ल्यात दर निवडणुकीला असे एक-दोन उगवतात आणि निकालानंतर दिसेनासे होतात. तेव्हा अपक्ष हा शब्द उमेदवारी अर्जावरचा न धरता स्वभावाचा धरला, तर तो कसा दिसतो, हे पाहायला अत्र्यांसारखे दुसरे पुस्तक मराठीत नाही. आमच्या वाचनाचे कारण एवढेच.

पहिले मत चाचांचे. चाचा सातवी शिकलेले आहेत. वाचायचे काम त्यांच्याकडे आपोआप आले, कारण त्यांचा आवाज चांगला आहे. दोन रात्रींनंतर ते आपल्या बोलीत म्हणाले, "ये आदमी बोलता नहीं, बरसता है." आणि हे पुस्तक डोळ्यांनी वाचण्याचे नाही, गळ्याने वाचण्याचे आहे, असेही. आम्हाला हे मत मोठमोठ्या समीक्षेपेक्षा नेमके वाटले. अत्रे आधी शिक्षक होते, पुण्याच्या लष्कर भागातल्या शाळेचे कितीतरी वर्षे हेडमास्तर होते आणि मग सभा गाजवणारे वक्ते झाले. त्यांचे वाक्य मागच्या बाकावरच्या मुलापर्यंत आणि मैदानाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचायचे असते. म्हणून ते एकच गोष्ट तीन शब्दांत सांगतात, तिन्ही शब्द एकाच अर्थाचे. एकट्याने मनात वाचताना हा पसारा वाटतो. मोठ्याने वाचताना तिसऱ्या शब्दावर ऐकणारे हसतात. ज्यांनी अत्र्यांच्या गद्याला पाल्हाळ म्हटले, त्यांनी बहुधा ते एकट्याने वाचले असावे.

बालपणाचा भाग सगळ्यांना आवडला, त्यावर वाद झालाच नाही. सासवड, कऱ्हेचा काठ, शाळा, मास्तर, जत्रा, पोहणे, चोरून खाणे. आमच्यात एक खाला आहेत, त्यांना आता दिसत नाही, त्या फक्त ऐकतात. त्या म्हणाल्या, याला जेवण आठवते म्हणजे याला घर आठवते, हा खोटे बोलणारा नाही. मग त्यांनीच आठवण काढली की त्यांच्या थोरल्या भावाच्या दप्तरात 'नवयुग वाचनमाला' होती. ती वाचनमाला अत्र्यांची, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळले. त्यांच्या घरात मराठी आली ती त्या पुस्तकातून. भाऊ मोठ्याने धडे म्हणायचा आणि चुलीपुढे बसलेली बहीण ते पाठ करायची. तिला शाळेत घातले नव्हते. एखाद्या लेखकाचे आपल्यावर किती ऋण आहे ते असे मागाहून आणि भलत्याच ठिकाणी कळते.

राजकारणाचा भाग सुरू झाला तशी बैठक तापू लागली. उपबाजारात टोमॅटोचा व्यापार करणारे एक गृहस्थ आमच्यात आहेत. लिलावात बोलायची सवय, त्यामुळे आवाज मोठा. त्यांना मोरारजी देसाईंवरचा अत्र्यांचा मारा फार आवडला. मोरारजी तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळ्या चालल्या, लढ्यात शंभरावर माणसे गेली. अशा वेळी गोड बोलणाऱ्याला काय करायचे, असे या गृहस्थांचे म्हणणे. सत्तेवरचा माणूस कितीही मोठा असो, त्याला नाव घेऊन बोलणारा एकतरी असावा लागतो. आपल्याकडे नेता कलेक्टरसमोर उभा राहिला की निवेदन खिशातच राहते आणि हारतुऱ्याचा फोटो बाहेर येतो. हे त्यांनी सांगितले तेव्हा सगळे हसले. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपापला नेता होता.

पण याच गृहस्थांनी दुसऱ्या एका रात्री उलटे मत दिले. विषय निघाला तो यशवंतराव चव्हाणांचा. अत्र्यांनी यशवंतरावांना मूल नसण्यावरून टोमणा मारला, पुढे त्यामागचे दुःख कळले तेव्हा त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, अशी एक गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते. आमच्यातही दोघांना ती येत होती, दोघांची वेगवेगळी. एकाच्या गोष्टीत अत्रे रडतात, दुसऱ्याच्या गोष्टीत यशवंतराव चहा देतात. पुस्तकात वाचली की कुणाच्या भाषणात ऐकली, हे दोघांनाही आठवत नव्हते. ती खरी किती आणि रचलेली किती, हे ठरवण्याच्या भरीस आम्ही पडलो नाही. लोकांनी ही गोष्ट जपून का ठेवली, एवढेच महत्त्वाचे. अत्र्यांच्या जिभेवर महाराष्ट्राने प्रेम केले, पण ती जीभ कुठेतरी चुकली होती हेही त्याला ठाऊक होते. म्हणून माफीची गोष्ट पाठ करून ठेवली. टोमॅटोवाले गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, सत्तेला मारलेले चालते, कुसाला मारलेले नाही. त्यांना स्वतःला उशिरा मूल झाले, हे आम्हाला माहीत होते. कुणी काही बोलले नाही.

आम्हाला वाटते, स्पष्टवक्तेपणाचे मोजमाप इथे होते. अत्र्यांचे चाहते त्यांची प्रत्येक शिवी ही धैर्याची खूण मानतात. तसे नाही. मुख्यमंत्र्याला गोळीबाराचा जाब विचारायला धैर्य लागते. त्याच्या घरातल्या पाळण्याविषयी बोलायला काहीच लागत नाही, फक्त टाळ्या वाजवणारा जमाव लागतो. 'कऱ्हेचे पाणी'त दोन्ही प्रकारची वाक्ये एकाच आवेशात येतात आणि लेखकाला त्यांतला फरक जाणवतो आहे असे फार ठिकाणी दिसत नाही. हा या पुस्तकाचा मोठा दोष आहे.

आमच्यातले निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, त्यांचा आक्षेप वेगळा होता. ते म्हणाले, हे पाच खंड वाचणाऱ्या परक्या माणसाला वाटेल की संयुक्त महाराष्ट्र एकट्या अत्र्यांनी आणला. एस. एम. जोशी, डांगे, प्रबोधनकार, उद्धवराव पाटील हे जणू त्यांच्या सभेला आलेले पाहुणे. सरांनी मुद्दाम दोन पुस्तके आणून ठेवली. एक एस. एम. जोशींचे 'मी एस. एम.', दुसरे यशवंतरावांचे 'कृष्णाकाठ'. दोन्ही १९८४ ची. 'कृष्णाकाठ' १९४६ पर्यंत येऊन थांबते, म्हणजे जिथे महाराष्ट्राला ऐकायची उत्सुकता आहे तिथेच यशवंतराव गप्प होतात. एस. एम. बोलतात, पण आपले नाव कुठे पुढे येत नाही ना याची काळजी घेत बोलतात. या दोघांच्या मधे अत्रे ठेवून पाहा, असे सरांचे म्हणणे. नदी तिघांनाही होती, एकाची कृष्णा, एकाची कऱ्हा; पुराचे पाणी मात्र एकाच्याच पुस्तकात आहे. आणि पुराचे पाणी पिण्याचे नसते, हे सांगायला सर विसरले नाहीत.

सरांचे म्हणणे इतिहासाच्या अंगाने बरोबर आहे. लढ्याचा इतिहास शिकायचा असेल तर या खंडांवर विसंबू नये. हजारांची सभा अत्र्यांच्या लेखणीत लाखांची होते आणि कुणाचा गौरव करायचा तर हिशेब दहा हजार वर्षांखाली येत नाही. पण चाचांनी सरांना विचारले, "सर, तुम्ही लढ्याचा हिशेब मागता की माणसाचा?" आम्हाला हा प्रश्न बिनतोड वाटला. त्या वर्षांत माणसे कशी पेटली होती, मैदानात रात्री बारापर्यंत का बसून राहत होती, ते एस. एम. यांच्या नेमस्त पानांतून कळत नाही. ते अत्र्यांच्या फुगवलेल्या पानांतूनच कळते.

आमची स्वतःची तक्रार आणखी एका ठिकाणी आहे आणि ती कुणी फारशी केलेली दिसत नाही. अत्रे आयुष्यात खूप बदलले. सावरकरांना 'स्वातंत्र्यवीर' ही उपाधी त्यांनी दिली असे मानतात. पुढे ते डाव्यांच्या व्यासपीठावर गेले. डॉ. आंबेडकर गेले तेव्हा दादरच्या चैत्यभूमीवर जमलेल्या अफाट जनसागरापुढे ते बोलले आणि 'मराठा'त बाबासाहेबांवर लेखमाला लिहिली. नेहरूंशी वर्षानुवर्षे भांडले आणि १९६४ मध्ये नेहरू गेल्यावर 'सूर्यास्त' या नावाने जे लिहिले ते वाचून त्यांचे विरोधकही हेलावले. १९६६ मध्ये शिवसेना निघाली; तिच्याशीही त्यांचे लवकरच वाजले. बदलणे हा गुन्हा नाही. मोटार रिवाइंडिंग करणारा आमच्यातला एक तरुण याला सरळ 'पलटी मारणे' म्हणाला, तेव्हा आम्ही त्याला अडवले. पलटी मारणाऱ्याला काहीतरी मिळते. अत्र्यांना बहुतेक वेळा कर्ज मिळाले, खटले मिळाले, पराभव मिळाला. पण तो तरुण म्हणाला ते एका अर्थाने खरे होते. अत्रे एका ठाम मतावरून दुसऱ्या ठाम मतावर जातात. मधला जिना आम्हाला फारसा सापडला नाही. काल ज्याला देव म्हटले त्याला आज राक्षस म्हणताना रात्री झोप लागली का, कुणाशी बोलणे झाले, कोणता विचार आधी डळमळला, हे आत्मचरित्रात यायला हवे होते. चित्रपटाच्या धंद्यातली फजिती ते मोकळेपणाने सांगतात, कर्जे सांगतात, तिथे ते स्वतःवर हसतात. मतांच्या बाबतीत मात्र प्रत्येक वेळी तेच बरोबर असतात. म्हणजे पैशाच्या बाबतीत हा माणूस निर्भीड आहे आणि विचाराच्या बाबतीत जरा भित्रा. हे वाक्य लिहिताना आमचा हात अडखळतो, पण वाचून झालेले मत हेच आहे.

आता ज्या प्रश्नावर सगळ्यात जास्त रात्री गेल्या त्याकडे येतो. बी.एड. करणाऱ्या मुलीने बायकांच्या बैठकीतून तो आणला होता. या हजारो पानांत आपण कुठे आहोत?

टेलर चाचांचे उत्तर तयार होते. अमर शेख आहेत ना! बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्या बरोबरचे, ज्यांच्या आवाजावाचून संयुक्त महाराष्ट्राची सभा सुरू होत नसे. अत्रे आणि अमर शेख एकाच व्यासपीठावर उभे राहिले आणि एकाच वर्षी, १९६९ मध्ये, अडीच महिन्यांच्या अंतराने गेले. चाचांच्या वडिलांनी अमर शेखांना ऐकले होते. घरात फोटो नाही, पण वडील त्या आवाजाची नक्कल करून दाखवायचे. मुंबई महाराष्ट्राला मिळाली तेव्हा मराठी माणूस कोण, याचे उत्तर जो मराठी बोलतो तो, इतके सोपे होते, असे चाचांना वाटते. ते लहान होते तेव्हा त्यांना कुणी विचारले नाही की तू मराठी की मुसलमान.

मुलगी म्हणाली, "चाचा, अमर शेख तिथे शाहीर म्हणून आहेत. मुसलमान म्हणून नाहीत." चाचा म्हणाले, तेच तर चांगले. मुलगी म्हणाली, तेच तर मला कळत नाही की चांगले की वाईट.

आम्हालाही ते अजून पुरते कळलेले नाही. एका बाजूने पाहिले तर लढ्याने अमर शेखांचे नाव विचारले नाही, गळा विचारला; आजच्या दिवसांत हा केवढा मोठेपणा वाटतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर महाराष्ट्र म्हणताना ज्या घराचे चित्र अत्रे उभे करतात, त्यात सोपानदेवांची समाधी आहे, जेजुरी आहे, शिवाजी महाराज आहेत, फुले आहेत, आगरकर आहेत. या साऱ्यांवर आमचाही हक्क आहे आणि आम्ही तो सांगतोही. पण दर्ग्याचा उरूस, मोहल्ल्यातली शाळा, घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलणारी आई, हे त्या घराच्या कुठल्या खोलीत आहे? अत्र्यांनी दार बंद केले नव्हते. दारातून आत येणारा आपले काही घेऊन येईल, याचा विचार त्यांच्या पिढीला सुचला नव्हता. १९४२ मध्ये नाशिकला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष अत्रेच होते. आमच्या वणीपासून चाळीसेक किलोमीटरवर. मुस्लिम मराठी साहित्यिकांचे पहिले स्वतंत्र संमेलन सोलापूरला भरले १९९० मध्ये. मधली ४८ वर्षे आम्ही त्या घरात होतो, पण ओसरीवर.

शेवटच्या दोन बैठका मात्र भांडणाच्या झाल्या आणि त्या लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. सरांनी सहज माहिती म्हणून सांगितले की हमीद दलवाई काही वर्षे अत्र्यांच्या 'मराठा'त पत्रकार होते. बैठकीत निम्म्या लोकांना हे माहीत नव्हते. नाव निघताच हवा बदलली. दलवाई आमच्यासाठी सोपा विषय नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेला, तोंडी तलाकविरुद्ध. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. १९७७ मध्ये, पंचेचाळिशीही गाठली नव्हती तेव्हा, गेले. त्यांच्या सभा उधळल्या गेल्या. त्यांचे लिखाण आमच्या वाइटावर असलेल्यांनी मिटक्या मारीत वाचले, हेही खरे. टोमॅटोवाले गृहस्थ म्हणाले, अत्र्यांनी आपल्या लोकांना चार शिव्या दिल्या तर लोकांनी त्यांना आचार्य म्हटले. दलवाईंनी आपल्या लोकांना दोन प्रश्न विचारले तर आपण दगड घेतले. एक जण उठून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, पण त्या रात्री गेला.

सरांनी दिलेले उत्तर आम्हाला या साऱ्या वाचनातले सगळ्यात मोलाचे वाटते. ते म्हणाले, अत्र्यांनी मराठी माणसाला नावे ठेवली तर ती घरातली बाब राहिली. कुणी ती कात्रणे काढून मराठी माणसाविरुद्ध पुरावा म्हणून वापरणार नव्हते. आपल्यातला कुणी आपल्याला नावे ठेवतो, तेव्हा तो लिहीत असतानाच दुसरा कुणी पेन घेऊन खाली रेघा मारत बसलेला असतो. अत्र्यांकडे जी मोकळीक होती ती त्यांच्या एकट्याच्या धैर्याची नव्हती, संख्येचीही होती.

हे खरे आहे. अत्र्यांवर लिहिणाऱ्यांनी त्यांच्या निर्भीडपणाचे गोडवे गाताना हा हिशेब कधी मांडला नाही. पण हे खरे आहे म्हणून आपण किती वर्षे त्यामागे लपायचे? आमच्या भागातले आपले एक बुजुर्ग पंचायत समितीपर्यंत गेले होते. कुणी तिकीट कापले, कुणी कब्रस्तानच्या जागेवरून सौदा केला, आपल्यातल्या कुणी कुणाला विकले, सगळे त्यांना ठाऊक. चहाच्या टपरीवर ते असे बोलायचे की अत्रे आठवावेत. लिहा म्हटले तर म्हणायचे, लिहिलेले दुसऱ्याच्या हातात जाते. सगळे त्यांच्याबरोबर कबरीत गेले. मराठीतल्या राजकीय आत्मचरित्रांत आपल्या माणसांची पुस्तके इतकी थोडी का, याचे उत्तर त्या एका वाक्यात आहे. तोंडी तलाकचेच घ्या. १९६६ मध्ये प्रश्न विचारला गेला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, २०१९ मध्ये कायदा झाला. त्या कायद्याच्या हेतूंविषयी आमच्यात दोन मते आहेत आणि राहतील. पण मुलगी म्हणाली ते कुणाला खोडता आले नाही. ती म्हणाली, "५१ वर्षे तो प्रश्न आपल्या हातात होता."

चाचांनी पुस्तक मिटले. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग ते म्हणाले, अत्र्यांना एवढे धुतले, आता आपल्यातले स्पष्ट बोलणारे एखादे पुस्तक सांगा, तेही वाचू. नावे निघाली, पण प्रत्येक नावाला कुणाची तरी हरकत. शेवटी मुलीनेच सांगितले: मलिका अमर शेख, 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'. १९८४ चे पुस्तक. ज्या अमर शेखांसाठी चाचा एवढे भांडले त्यांची मुलगी. बापाच्या व्यासपीठाखाली वाढलेली, पुढे दलित पँथरच्या नामदेव ढसाळांशी लग्न झालेली. मोर्चे आणि क्रांती घराबाहेर चालू असताना घरात काय चालू होते, ते तिने लिहिले आहे. नवऱ्याला सोडले नाही आणि स्वतःलाही सोडले नाही. आमच्यात ते मुलीने आणि सरांनी तेवढे वाचलेले आहे. सर म्हणाले, अत्र्यांच्या पाच खंडांत मला जो जिना सापडला नाही तो त्या लहानशा पुस्तकात पायरी-पायरीने आहे. अत्रे बाहेरच्याशी निर्भीड. ही बाई उंबऱ्याच्या आत निर्भीड. दोन्हीची तुलना केली तर आमच्या मते अत्रे मागे पडतात. त्यांचे पाच खंड आवडले, हे कबूल करूनही.

चाचांना हे ठाऊक नव्हते की अमर शेखांच्या मुलीने पुस्तक लिहिले आहे. त्यांनी ते मुलीकडून मागून घेतले, रात्री घरी चाळले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात आल्यावर म्हणाले की पुस्तक खरे आहे, पण हे मी मोठ्याने वाचू शकणार नाही, समोर बायका बसल्या असताना तर नाहीच. बायकांकडून निरोप आला की मग आम्ही वाचतो, तुम्ही ऐका. पुढच्या जुम्म्यापासून बसायचे ठरले आहे. वाचणार कोण, यावर अजून एकमत झालेले नाही.